टोकन झालेला फ्लॅट

बेलवलीतला तो फ्लॅट ॲपवर पुन्हा ‘उपलब्ध’ दिसला, तशी अक्षदा नवऱ्याला, जितेशला घेऊन भरदुपारीच पाहायला गेली.

फ्लॅट अगदी रिकामा होता. तरी हॉलमध्ये ती बोलली तेव्हा आवाज घुमला नाही. माणसांनी गच्च भरलेल्या घरात बोलावं तसा दबला. आत बेडरूममध्ये जितेशचा आवाज मात्र छान घुमत होता.

"दोनदा टोकन होऊन हा परत ‘उपलब्ध’ कसा झाला?" तिने फ्लॅट दाखवायला आलेल्या एजंटला विचारलं.

"टोकन म्हणजे विकला असं नाय, मॅडम. ॲग्रीमेंट होईपर्यंत पार्टी मागे फिरू शकते."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सकाळी पाहून गेलेल्या बाईंनी आत्ताच खाली ऑफिसात टोकन दिलं होतं.

जितेशचं तोंड उतरलं.

"बरं झालं!" अक्षदाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिचे शब्द हॉलभर घुमले. छातीवरचं ओझं उतरावं तसं तिला हायसं वाटलं.

खाली गेटपाशी त्या बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन एकट्याच उभ्या होत्या.

"घ्या ना," मोकळ्या रस्त्यावर, हातभर अंतरावरून त्या म्हणाल्या. आवाज दबका आला, माणसांनी गच्च भरलेल्या घरातून यावा तसा.