उस्तादचे बारा शब्द

“लेमन,” औषधवाला खाटेवर वाकून म्हणाला. “लेमननंतर काय, उस्ताद?”

उस्तादचे ओठ हलले. अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडाचा एकच कोपरा त्याचं ऐकत होता. “ल... लॅ...”

“घाई नको.”

“लॅडर,” उस्तादनं एकदाचं म्हटलं आणि घामाघूम होऊन उशीवर डोकं टाकलं.

औषधवाल्यानं त्याचं कपाळ पुसलं. उस्तादच्या ओठांबरोबर खुर्चीवर बसलेल्या मास्तरांचेही ओठ हलत होते. स्वयंपाकघराच्या दारातून उस्तादच्या बायकोनं, वहिनींनी, ते पाहिलं. माणसाला किती हाव असावी, त्यांच्या मनात आलं.

उस्ताद पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारींना नवीन तार भरून द्यायचा. सगळी गल्ली त्याला याच नावानं ओळखायची. शटर अर्धं खाली आलं की दुकानाच्या मागच्या खोलीत तो, औषधवाला आणि मास्तर हे तिघं मित्र संगणकासमोर बसत. डिजिटल नाणी हे प्रकरण तेव्हा कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. कुठून घ्यायची, समोरचा गंडवणार तर नाही, खर्चायची की दाबून ठेवायची, यावर तासन् तास खल चाले. खर्च म्हणून केला तो एकदाच. कुठल्याशा परदेशी दुकानातून त्यांनी लोकरीचे मोजे मागवले. ते आले तेव्हा उन्हाळा होता आणि तिघांपैकी एकाच्याही पायात ते गेले नाहीत. ती गोष्ट सांगताना उस्ताद स्वतःच हसून बेजार व्हायचा.

राहिलेली नाणी ठेवायची कशी, यावर मात्र भांडण झालं होतं. संगणक जळतो, कागदाला वाळवी लागते. शेवटी उस्तादनंच निकाल लावला. “बारा शब्द आहेत,” त्यानं बायकोला सांगितलं होतं. “ओळीनं सांगितले की तिजोरी उघडते. कागदाचा चिटोरासुद्धा ठेवलेला नाही. सगळं इथे.” आणि त्यानं कपाळावर टिचकी मारली होती.

तेव्हा वहिनी हसल्या होत्या. पुढे त्या नाण्यांचे भाव बातम्यांत यायला लागले आणि त्यांचं हसणं थांबलं.

उस्तादला झटका आला तेव्हा हे दोघंच धावत आले. औषधवाला गोळ्या आणून द्यायचा, पैशाचं नाव काढायचा नाही. मास्तर शाळा सुटली की येऊन त्याचा हात चोळत बसायचे. सख्ख्या दिरांनी केलं नसतं इतकं हे करतात, असं वहिनी शेजारणीला सांगायच्या. मग एके दुपारी चहा घेऊन येताना मास्तरांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

“उस्ताद, तू नाही सांगितलंस तर आपण तिघंही बुडालो बघ. तेवढे शब्द आठव.”

वहिनींनी चहा तसाच मागे नेला.

त्यानंतर त्यांना सगळं वेगळं दिसायला लागलं. उस्तादला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, मुलीचं नाव घेता येत नव्हतं, आणि या दोघांना लेमन न् लॅडर हवं होतं. दर आठवड्याला एखादा शब्द वाढत होता. बारावा शब्द आला की हे जिना उतरून जाणार ते जाणारच. दुकानाला कुलूप. मुलगी शिकतेय. आपल्या पदरात काय, तर लुळा नवरा.

एका सकाळी त्या खाटेच्या कडेला बसल्या.

“अहो, माझं ऐका. त्यांच्यासमोर तोंड उघडू नका. सांगायचं तर मला सांगा.”

उस्ताद त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं. “म... मा...” एवढंच झालं. त्यांनी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

त्यानं आयुष्यभर त्यांचं ऐकलं होतं. याही वेळी ऐकलं.

दुपारी दोघं आले की तो भिंतीकडे तोंड करी. औषधवाला गोडीगुलाबीनं विचारी, मास्तर त्या मोज्यांची आठवण काढीत. उस्तादच्या डोळ्यांतून पाणी वाही, ओठ मात्र मिटलेले. पुढेपुढे वहिनी दारातूनच सांगू लागल्या, “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.” रात्री त्या स्वतः त्याच्याकडून शब्द काढायला बघत. पण त्यांना धड विचारता येईना आणि त्याला सांगता येईना. दोघंही रडकुंडीला येत. आलेले शब्द एकेक करून गळाले. शेवटी लेमनही गेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. “वाचा परत यायचे दिवस असतात,” ते म्हणाले. “ते गेले. मध्ये तर बरा बोलायला लागला होता. थांबला कशानं, समजत नाही.”

दुसऱ्या दिवशी औषधवाला आणि मास्तर आले तेव्हा वहिनींनी त्यांना सरळ आत घेतलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“गेली वाचा,” त्या म्हणाल्या. “तुमची नाणीही गेली. आता यायचा त्रास घेऊ नका.”

मास्तर उस्तादच्या उशाशी जाऊन बसले. औषधवाल्यानं खिशातून फोन काढला, बराच वेळ त्यावर बोट फिरवलं आणि तो वहिनींपुढे धरला. पडद्यावर मोठा आकडा होता.

“उस्तादचा वाटा तुमच्या नावावर करायचाय. खातं कुठलं देताय?”

“हे उघडलं कसं?” वहिनींनी विचारलं. “शब्द तर यांच्याच डोक्यात होते.”

“आम्हा तिघांनाही ते तोंडपाठ आहेत, वहिनी,” औषधवाला म्हणाला. “मास्तर ‘बुडालो’ म्हणायचे ते त्याला चेव यावा म्हणून. डॉक्टर आम्हाला म्हणाले होते, त्याला जे पाठ असेल ते रोज म्हणवून घ्या, त्यानंच जीभ सुटेल. त्याला दुसरं काही पाठच नव्हतं.”