भाचीचं स्थळ

मंदाकिनी सिस्टर जळगावच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं देतात. भावानं भाचीसाठी, भूमिकासाठी आलेल्या चाळीसगावच्या मुलाचा फोटो दाखवला. हा मुलगा दर महिन्याला त्यांच्याच खिडकीवर औषध घ्यायला यायचा.

रुग्णाचं नाव बाहेर सांगायला कायद्यानं मनाई. आठवडाभर त्या भावाला फोन लावायच्या आणि त्यानं उचलायच्या आत कट करायच्या. शेवटी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी भूमिकाला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "बेटा, लग्नाआधी दोघं रक्त तपासून घ्या."

भूमिका खाली बघत म्हणाली, "आत्या, त्यानं मला सगळं सांगितलंय. माझंही तेच औषध चालू आहे."



"इथल्या दवाखान्यात तू असतेस, म्हणून औषधाला मी धुळ्याला जाते."