ड्रॅगनचा नमुना

पंचवीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर केलेला त्याचा सिनेमा त्या दिवशी पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला होता. त्यातली नदी आता जेलीसारखी दिसत होती, राजपुत्राचे आणि राजकन्येचे केस हेल्मेटसारखे घट्ट बसले होते आणि प्रेक्षकांतली पोरंसोरं खुदखुदत होती. निवृत्त अ‍ॅनिमेटर खुर्चीत अंग चोरून बसला होता. पण ड्रॅगनने सावकाश मान वळवली, नाकपुड्या फुगवल्या आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं.

खेळ संपल्यावर त्याला पडद्यापुढे बोलावून हातात माइक दिला, तेव्हा एका मुलीने उठून विचारलं, "काका, तेव्हाच्या त्या मठ्ठ कॉम्प्युटरवर ड्रॅगन एवढा जिवंत कसा काय केलात?"

कौतुकाने तो पुरता विरघळला होता. "नमुना घरातच होता," तो माइकवर बोलून गेला. "आमची ही चिडली की आधी अशीच मान वळवते, मग नाकपुड्या फुगवते आणि मग अवाक्षर न काढता नुसती बघत राहते."

एकच हशा पिकला. तेव्हा कुठे त्याला आठवलं, की ही तिसऱ्या रांगेत बसली आहे.

घरी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. त्याने मुकाट्याने चहा टाकला आणि कप तिच्यापुढे ठेवत तो चाचरत म्हणाला, "अगं, सगळ्यात जास्त टाळ्या ड्रॅगनलाच पडल्या."

तिने शांतपणे एक घोट घेतला.



"ड्रॅगन मी आहे, हे मी पहिल्याच खेळाला ओळखलं होतं. राजकन्या कोण आहे, तेवढं सांगा."