मागचं दार

सास्तूरच्या जुन्या गावठाणात गाडी पुन्हा गचके खाऊन बंद पडली, तशी बलभीमच्या डोक्यात तिडीक गेली. चावी मुठीत आवळून त्यानं बॉनेट उघडलं. शेजारी, भूकंपात घरच्यांना पोटात घेऊन पडलेल्या त्याच्या घराचं जोतं तेवढं उरलं होतं.

"कार्बोरेटर दोनदा धुतलास, समद. मग वडिलांची गाडी रोज इथंच का मरती?"

"स्पार्क हाय, पेट्रोल येतंय," समद मिस्त्री वाकून म्हणाला. "बिघाडच न्हाय, मालक."

"मग नखरे करती व्हय?"

तेवढ्यात गाडीचं मागचं दार आपटलं. दोघंही बॉनेटपाशीच होते.

ते दार एका दणक्यात लागत नाही, हे फक्त घरच्यांनाच माहीत.

दार पुन्हा आपटलं. गाडी मागं जराशी दबली आणि चावी बलभीमच्या मुठीत असताना इंजिन सुरू झालं.