बाईंचा अंगठा

“उगाच धीर देऊ नकोस,” बाई म्हणाल्या. “यांचं काळीज धड नाही.”

समोरची हृदयतज्ज्ञ एके काळी बाईंच्या वर्गात होती. आजही बाई खुर्चीत बसेपर्यंत ती उभी राहिली होती.

“सगळ्या तपासण्या झाल्या, बाई. काकांचं हृदय ठणठणीत आहे.”

“आधीच्या दोन डॉक्टरांनी हेच तुणतुणं वाजवलं.”

तपासणीच्या पलंगावर बसलेल्या यजमानांनी छातीवर हात ठेवला. घड्याळे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण बाई रोज सकाळी त्यांच्या मनगटावर अंगठा दाबून, डोळे मिटून नकारार्थी मान हलवू लागल्या, तेव्हापासून त्या कसबी हातांना कंप सुटला होता. दुकानाला कुलूप होते. आजच्या निदानानंतर ते विकून टाकायचे, असे बाईंनी ठरवलेही होते.

“मला तसं काही होत नाही,” यजमान चाचरत म्हणाले. “पण ही म्हणते म्हणजे असणारच.”

“तुम्हाला काय कळतंय? जिन्यात मी दोनदा थांबले नसते, तर वाटेतच आडवे झाला असता.”

“तू थांबलीस, म्हणून मी थांबलो.”

“तेच म्हणतेय मी.”

डॉक्टरने हसू दाबले. “बाई, नाडी कशी बघता, मला दाखवा ना.”

बाईंनी यजमानांचे मनगट ओढून अंगठा रोवला. “बोटांत जोर नसतो. परीक्षेच्या दिवशी पोटात दुखणारी कितीतरी पोरं मी याच अंगठ्याने वठणीवर आणली. तूही होतीस त्यात.” त्यांनी डोळे मिटले. “बघ. धावतंय. मध्येच अडखळतंय, की पुन्हा धावतंय.”

डॉक्टरने यजमानांच्या दुसऱ्या मनगटावर दोन बोटे टेकवली. तिथले ठोके संथ, एकसारखे पडत होते. तिचे हसू मावळले.

“बाई, आता हाच अंगठा या टेबलाच्या कडेवर दाबा.”

“टेबलाला नाडी असते का गं? हेच शिकवलं मी तुला?”

“दाबा तर.”

बाईंनी अंगठा दाबला आणि सवयीने डोळे मिटले. डोळे उघडून त्यांनी अंगठा उचलला आणि पुन्हा दाबून पाहिला.

“धावतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “अडखळतंयसुद्धा.”

“काका, तुम्ही खाली उतरा,” डॉक्टर म्हणाली. “बाई, तुम्ही पलंगावर.”