पळसापर्यंतची जीपवाट

फाटकाशी जीप उभी होती, तेव्हाच महिपतने ठरवलं, की वाटेतला पाण्याचा वहाळ यायच्या आत वयनीला सगळं सांगून टाकायचं.

सांगायचं एवढंच होतं, की ज्या नवऱ्याला ती उद्या अग्नी द्यायला निघाली होती, तो जिवंत होता.

चौकीदाराची कमळा धावत आली. "मालनवयनी, अबोलीचा वळेसर केलाय. आजच्या दिस माळा." उद्यापासून माळता येणार नाही, हे तिने तोंडातच ठेवलं.

मालनने वळेसर घेतला आणि जीपच्या काचेजवळच्या गणपतीला वाहिला. "देवाला होऊ दे," म्हणाली.

पालीजवळच्या त्या रानात वनखात्याने वनविहार काढला होता आणि हौशी शहरवाल्यांसाठी आत जीपवाट पाडली होती. वाट इतकी सोपी, की नवशिक्यानेही डुलक्या घेत चालवावी. वळणावरच्या दगडांना चुना फासलेला, खड्डे बुजवलेले. तरी रविवारी रत्नागिरीची मंडळी जीप जरा कलली की किंचाळायची आणि उतरल्यावर वाघ मारल्याच्या ऐटीत बोलायची. महिपत तिथला ड्रायव्हर. आज विहार बंद होता, म्हणून साहेबांनी पळसाची पानं आणायला जीप दिली होती.

पानं पुतळ्यासाठी हवी होती. महिपतचा थोरला भाऊ गंगाराम मुंबईला गेला, त्याला बारा वर्षं झाली. ना पत्ता, ना निरोप. अशा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, की जीव सुटला. पण म्हातारी आई ऐकत नव्हती. "माजा गंगाराम हाय," म्हणायची आणि रोज सकाळी आधी सुनेच्या कपाळाकडे बघायची. शेवटी यंदा मालननेच देवीला कौल लावायला सांगितलं. कौल आला, माणूस राहिला नाही. देवीपुढे म्हातारीचं काय चालणार?

देवी चुकली, हे फक्त महिपतला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी भायखळ्याच्या बाजारात गंगाराम त्याला समोरासमोर भेटला होता. बरोबर एक बाई होती. गंगारामने त्याला बाजूला घेऊन, घरी काही सांगायचं नाही, अशी आईची शपथ घातली. महिपतने ती पाळली, पण तेव्हापासून वयनीच्या हातचा घास त्याला गोड लागला नाही. ती वाढायची आणि हा खालमानेने गिळायचा.

वहाळ आला. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. जीप पार झाली, महिपतचं बोलणं अलीकडेच राहिलं.

"पावसात मुंबईला गेलात, त्या बाळंतपणाचं नीट झालं ना?" त्याने दुसरीकडूनच सुरुवात केली. मालन बहिणीसाठी म्हणून गेली होती.

"झालं."

"आपल्यातलं कोन भेटलं तिकडं?"

"मुंबईत कोन कोनाला भेटतो, भावोजी?"

पुढे चढ होता. तोही सोपाच. महिपतला वाटलं, आज एखादं चाक तरी रुतावं. पण जीप मुकाट्याने वरच्या मोकळ्या कातळावर, सड्यावर येऊन थांबली.

कडेला पळस उभे होते. मालनने पदर खोचला आणि पानं तोडू लागली. एकेक पान पुसून ती कापडावर रचत होती. महिपतने दोन फांद्या वाकवून धरल्या. तिसरी त्याने सोडून दिली.

"वयनी, उद्याचं ऱ्हाऊ द्या. दादा जिता हाय."

मालन पानं रचतच राहिली. महिपतने सगळं सांगितलं. बाजार, शपथ, ती बाई. "मला काय ते बोला, पायतान हाणा. पन जित्या मानसापायी बांगड्या फोडू नका."

मालनने हातातलं पान पुसून ठेवलं. मग तिने विचारलं, "ती बाई ठेंगणीशी? हनुवटीवर गोंदलेली?"

महिपत बघतच राहिला. "व्हय."

"वाईट न्हाय ती. पावसात तिनंच मानूस धाडला मला न्यायला. बाळंतपण कसलं नि काय. मी पोचले तवा ह्यांना डोळं उघडायचंबी बळ न्हवतं. दुसऱ्या दिशी गेले."

महिपतची नजर तिच्या कपाळावरच्या कुंकवावर खिळली.

"आयेसाठी लावलं," मालन म्हणाली. "ल्योक दुसरीच्या घरात गेला, हे कळून तिला मरन यायला नको. म्हनून हसत-बोलत ऱ्हायले." तिने पानांचं गाठोडं बांधलं आणि त्यावर हात ठेवून ती खाली बसली.

"अग्नी मी तवाच दिलाय, भावोजी. आता उद्या एकदाचं रडता येईल."