जज सोडून कोणतंही

मचाणावर अर्विडच्या पायांची बोटं तीन वाजताच बधिर झाली होती. आता चार वाजले होते आणि उरलेला अर्विडही त्याच वाटेवर होता.

धनुष्यबाणाने हरणं मारण्याच्या मोसमाचा शेवटचा दिवस. सूर्य बुडायला अर्धा तास. खाली गुडघाभर बर्फ, समोर मार्लिसच्या शेतातली मक्याची न कापलेली पट्टी. चौसष्टाव्या वर्षी शहाणी माणसं अशा थंडीत शेगडीपाशी बसतात. पण शहाण्या माणसांना मार्लिसशी लग्न करायचं नव्हतं.

सप्टेंबरात त्याने तिला विचारलं होतं. तिच्याच स्वयंपाकघरात, सफरचंदाच्या केकचा दुसरा तुकडा संपवून. पहिल्या तुकड्याला धीर झाला नव्हता.

मार्लिसने शांतपणे टेबल पुसलं. "शिकारीचा मोसम संपू दे. मग सांगते."

"मोसमाचा काय संबंध?"

"आहे. ओढ्याकडचं मचाण तू वापर. परवान्यात बसतील तेवढ्या माद्या मार, मांस निम्मं तुझं, निम्मं माझं. पण जजला बाण लागता कामा नये. जज सोडून कोणतंही."

जज म्हणजे बारा टोकांची शिंगं मिरवणारा नर. सहा वर्षांपूर्वी तो पाडस असताना कुंपणाच्या तारेत अडकला होता. मार्लिसच्या नवऱ्याने, गॉर्डनने, तळहात फाडून घेऊन त्याला सोडवलं आणि नावही ठेवलं. कारण सुटल्यावर ते पाडस त्याच्याकडे असं बघत राहिलं, जणू शिक्षाच सुनावणार आहे. गॉर्डन दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. जज मात्र रोज संध्याकाळी अंगणात येत राहिला. मार्लिस खिडकीत उभी राहून त्याच्याशी बोलायची. काय बोलायची, हे अर्विडने कधी विचारलं नाही. आपल्याशी बोलते त्याहून जास्त, एवढं त्याला ठाऊक होतं.

या मोसमात जज तीनदा मचाणाखाली आला. नोव्हेंबरात तर पंधरा पावलांवर, आडवा उभा. चाळीस वर्षं धनुष्य धरणाऱ्या माणसाला अशी शिंगं आयुष्यात एकदा दिसतात, तीही बहुधा दुसऱ्याच्या भिंतीवर. अर्विडने दोरी कानापर्यंत ओढली, थोडा वेळ तशीच धरली आणि हळूहळू सैल सोडली. खांदा आठवडाभर दुखत होता.

ही गोष्ट त्याने गावातल्या कॉफीच्या टेबलावर सांगितली, ही त्याची चूक.

"सोडलास?" त्याचा जुना शिकारी दोस्त लायल किंचाळला. "बारा टोकं सोडलीस? लेका, ते डोकं भिंतीवर लावलं असतंस तर गप्प तरी बसलं असतं. बायको गप्प बसणार आहे का?"

"मी शब्द दिलाय."

"आणि तिने काय दिलं?"

"केक."

"आख्खा?"

"दोन तुकडे."

लायल इतका हसला की वाढपिणीने त्याची कॉफी उचलून बाजूला ठेवली.

पण ती बातमी मार्लिसपर्यंतही पोचली. काल तिने दारातच त्याला सांगितलं, "परवा रात्री जेवायला ये. मुलगी येतेय माझी. तिच्यासमोरच काय ते बोलू." मग आत जाता जाता म्हणाली, "आणि एखादी मादी मिळाली तर बघ. पोरीला सॉसेज आवडतात. रिकाम्या हाताने नवरदेव... म्हणजे, रिकाम्या हाताने येऊ नकोस."

तो शब्द अर्विडने रात्रभर उशाशी घेतला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी पाइनच्या झाडीतून पाच हरणं एका ओळीत बाहेर आली.

अर्विडने घाई केली नाही. एकेकाचं डोकं नीट पाहिलं. मग दुर्बीण लावून पुन्हा पाहिलं. एकाच्याही डोक्यावर शिंग नव्हतं. शब्दाला जागणारा माणूस आधी डोकं बघतो. सगळ्यात मागची मादी अंगाने थोराड होती. तिच्यात मुलीची, नवरदेवाची आणि आख्ख्या हिवाळ्याची सॉसेज सहज निघाली असती. ती मक्याच्या कडेला आडवी उभी राहिली. त्याने दोरी ओढली. खांद्याने कुरकुर केली नाही.

बाण बरगड्यांमागे बरोबर बसला. ती साठ पावलं धावली आणि मक्यात कोसळली. ताटं हलायची थांबली.

अर्विड उतरला नाही. बाण लागल्यावर अर्धा तास जागचं हलायचं नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं. तो अर्धा तास त्याने लग्नाला लायलला बोलवावं की नाही, याचा विचार करण्यात घालवला. शेवटी बोलवायचं ठरवलं, मागच्या रांगेत.

तो शिडीवरून खाली आला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि ट्रॅक्टरच्या वाटेने मार्लिस धापा टाकत येत होती. गॉर्डनचा जुना कोट, एक हात कोटाच्या आत.

"मिळाली?"

"मिळाली. चांगली मोठी आहे. तिथे मक्यात पडलीय."

"आणि जज? दिसला आज?"

"नाही. आणि दिसला असता तरी..."

"ठाऊक आहे मला." तिने मोकळ्या हाताने त्याचा दंड धरला. तीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. "अर्विड, उद्यापर्यंत कशाला ताणू? हो. माझं उत्तर हो आहे."

अर्विडने तोंड उघडलं. त्यातून नुसती वाफ निघाली.

"बोलू नकोस, गोठशील," मार्लिस हसली. मग तिने कोटातून दुसरा हात बाहेर काढला. हातात शिंगांची जोडी होती. बारा टोकांची.

"आत्ताच गोठ्यामागे सापडली. दर हिवाळ्यात गळतात त्याची, पण यंदा फारच लवकर. म्हटलं, पळत जावं आणि तुला सांगावं, आज बोडक्या डोक्याचा फिरतोय तो, नीट बघून मार."